ब्लेमभाऊ

असा एक प्रोग्रामर तुमच्याही नात्यात असणारच. आमचा चुलतभाऊ टाळेबंदीत पुण्याहून लॅपटॉपसकट आमच्या गावी, रिठदला आला आणि इथेच राहिला. लाखो ओळींच्या कोडमध्ये तू हरवत कसा नाहीस, असं मी भाबडेपणाने विचारलं.

"सगळा वाचतो कोन? लिनक्सच्या कर्नलमंधी दोन कोटीच्या वर ओळी हायेत. पडद्यावर जो एरर दिसते, त्याचेच शब्द ग्रेपनं धुंडायचे. ओळ सापडली का तिले कोन बोलावते ते पाहत वर चढायचं. अन् हात लावायच्या आधी गिट ब्लेम!"

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही; तिची ही आज्ञा म्हणे प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कधी बदलली ते दाखवते. कारण मात्र बदलासोबतच्या टिपणात शोधायचं. टिपण लिहिणारा आळशी नसेल तर.

रोग कोडपुरता राहिला असता तर ठीक. वरणात गूळ लागला की हा विचारणार, "कोनं टाकला, कवा टाकला, काऊन टाकला?" लग्नाच्या मांडवात खांब आडवा आला, तरी तेच. विहिरीवरच्या स्टार्टरमधली एक वायर त्याचा थोरला भाऊ तोडणार होता; याने पक्कड हिसकावली. वायर अर्थिंगची निघाली. तेव्हापासून भिंतीतला खिळा काढायलाही याची परवानगी लागते.

मग वाटणी निघाली. सातबाऱ्यावर नावांजवळ फेरफार क्रमांक पाहून गडी ओरडलाच, "हे तं गिटच हाय!" लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सने गिट लिहिलं 2005 साली, आपले तलाठी त्याच्या कितीतरी आधीपासून ब्लेम चालवत होते. याने फेरफार एकेक करत मागे वाचले आणि एका नोंदीवर अडला. हक्कसोड करून दोन्ही आत्यांची नावं कमी केलेली. कोणी, कधी, सगळं होतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्तीही 2005 चीच. नोंद तिच्यानंतरची.

"काऊन?" याने विचारलं. घरातले मोठे पानाचा डबा शोधू लागले.

याने थोरल्या आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आत्या, नाव काऊन काढलं वं?"

"तुहा बाप म्हने, माहेर पाह्यजे असन तं सही कर. मंग लुगडंबी देल्लं बापा."

इतकी वर्षं डोकं उठवणारा हा प्राणी मला त्या दिवशी, नाइलाजाने, आवडला. वाटणीच्या कागदावर त्याने अजून सही केलेली नाही. आता थोरलाच रोज विचारतो, "काऊन?"