सेलमचे शेठ

विट्यापासून आटपाडीपर्यंत किंवा साताऱ्याच्या माण-खटावात कुठल्याही गावात शिरा. कुसळाच्या माळावर मध्येच एक दुमजली बंगला उभा दिसतो. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेलं एकच लुगडं. गलाईवाल्याचं घर म्हणून खुशाल ओळखावं. आत सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं. वरच्या मजल्यावर पोरांसाठी म्हणून रंगवलेली खोली असते आणि म्हातारी खाली स्वैपाकघराला लागून झोपते, कारण तिला जिना चढवत नाही. घरधनी सेलमला असतात. नाहीतर मदुराईला, कोइमतूरला, त्रिचूरला, कानपूरला. जिथं म्हणून गलाईचं, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं काम आहे, तिथं आमच्या दुष्काळी पट्ट्यातला माणूस जाऊन पोचलेला आहे. 1972च्या दुष्काळानं तर गावंच्या गावं या धंद्याला लावली.

यातले आपले शेठ सेलमचे. शेठ ही पदवी गावच्या शिवेपर्यंतच चालते. सेलमच्या शेवापेट भागात, जिथं चांदीचे पैंजण घडतात, तिथल्या एका बोळात शेठ बनियनवर भट्टीपुढं बसलेले असतात. दागिना मुशीत आटवायचा, त्यात तिप्पट चांदी मिसळायची, पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते तेजाबात उकळायचे. चांदी विरघळून जाते आणि सोनं तळाशी तपकिरी गाळ होऊन उरतं. तो धुऊन टाकणखार घालून पुन्हा आटवला की पिवळंधमक. हे चांदीचं पाणी बोटांना लागलं की कातडी काळी पडते आणि नवी येईपर्यंत काही केल्या निघत नाही. म्हणून शाळेत पालकसभेला शेठ हात खिशात घालून बसतात. शिक्षिका तमिळमध्ये जे काही सांगते ते शेठांना मुलगा मराठीत सांगतो, आणि तो स्वतःबद्दलच्या तक्रारी गाळून सांगतो, हे शेठांना अजून कळलेलं नाही.

मुलगा आठ-नऊ वर्षांचा, मुलगी त्याहून धाकटी. बाळंतपणं माहेरी झाली, त्यामुळं जन्मदाखल्यापुरती दोघंही विटेकर. बारसं झालं, तिसरा महिना सरला आणि दोघंही सेलमला आली.

गावची आठवण आली की तुमच्या-आमच्यासारखा माणूस गप्प बसतो. शेठ पोरांना कामाला लावतात. रविवारी सकाळी दुकान बंद असलं की त्यांना हमखास आठवण येते. मग मुलानं मराठीचं एक पान वाचायचं, मुलीनं आजीला फोनवर श्लोक म्हणून दाखवायचा, आणि दुपारी सगळ्यांनी भाकरी खायची.

भाकरीचं प्रकरण मोठं आहे. मिरजेहून चालुक्य एक्स्प्रेसनं येताना शेठ शाळूचं पोतं आणतात, डंकावर कुटलेल्या कांदा-लसूण चटणीचा डबा आणतात, शेंगदाणे, सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, सगळं आणतात. सामान बघून टीसी विचारतो, ‘लग्न आहे का?’ सेलमला शाळू दळून घेतला जातो, पण पीठ महिनाभर पडून राहतं, त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. वैनी तुकडे जोडत बसतात. शेठ ताट बघून म्हणतात, ‘हितल्या पाण्यालाच गुण न्हाय.’ पाणी मेट्टूर धरणाचं, म्हणजे साक्षात कावेरीचं. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस कावेरीला नावं ठेवतो, हे फक्त परमुलखातच होऊ शकतं.

मुलगी त्या चिरलेल्या भाकरीवर सांबार ओतून घेते. शेठांचा घास थांबतो. मग त्यांना आठवतं की सांबार हे नाव संभाजी राजांवरून पडलं आणि तंजावरच्या मराठ्यांनीच ते पहिल्यांदा केलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. पुरावा कुणी मागत नाही. शेठ पुन्हा जेवायला लागतात.

याच तंजावरला शेठांनी पोरांना मुद्दाम नेलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, हे त्यांनी महिनाभर आधीपासून सांगून ठेवलेलं. भिंतीपुढं उभे राहिले, छाती फुगवली आणि वाचायला लागले. अक्षरं देवनागरी, पण ओळी लांबच लांब, शब्द एकमेकांना चिकटलेले आणि भाषा दोनशे वर्षांपूर्वीची. ‘श्री...’ इथपर्यंत जोरात झालं. पुढं शेठ ओठातल्या ओठात बोलायला लागले. मुलगा तोवर कडेची तमिळ पाटी वाचून आला आणि त्यानं देऊळ राजराजा चोळानं बांधलं इथपासून सगळं घडाघडा सांगितलं. ‘बरं, बरं, ऊन लागतंय,’ म्हणून शेठ सावलीत गेले.

पोराच्या मराठीची त्यांना फार काळजी. कानपूरला गलाईत असलेल्या चुलतभावाच्या पोरांचा ‘ळ’ गेला. ती ‘बाल’ म्हणतात आणि ‘फली’ म्हणतात. तमिळमध्ये ळ आहे, त्यामुळं या पोराचा ठणठणीत राहिला. पण तमिळमध्ये ख, घ, भ यांची वेगळी अक्षरंच नाहीत, तेव्हा पोरगं फोनवर म्हणतं, ‘आजी, मी गरी येतो, बाकरी कर.’ आजीला सगळं समजतं. शेठ मात्र धंद्याच्या भाषेत निकाल देतात, ‘टंच साठच्या वर न्हाय. भेसळ लई झालीया.’

वैनींचं विचाराल तर त्या मजेत आहेत. गजरेवालीशी बोलता बोलता त्या वर्षभरात तमिळ शिकल्या. अंगणात रांगोळी घालतात, पीठ आंबवून इडल्या करतात, शेजारणीबरोबर देवळात जातात. गावची ओढ त्यांनाही आहे, पण ती माहेरापुरती. सासूबाई आठशे किलोमीटरवर असणं हेही सुखच आहे, हे त्या कुठं बोलत नाहीत. मी लिहिलं म्हणून सांगू नका.

परत जायचं शेठ पहिल्यापासून म्हणतायत. आधी म्हणायचे, ‘गावात पाणी न्हाय, काय करू येऊन?’ ते खरंच होतं. मग टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी कऱ्हाडाजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीच्या माळावर आणलं. धाकट्या भावानं डाळिंब लावलं, पाठोपाठ द्राक्षं. त्याचा फोन आला, ‘दादा, पाणी आलं. या की आता.’ शेठ बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘आरं, पोरांची शाळा हाय न्हवं.’ त्या दिवसापासून गावाला न जाण्याचं कारण पोरं झाली, आणि गावाची आठवण काढायचं कामही पोरांकडंच राहिलं. माझं मत विचाराल तर यात लबाडी नाही. सेलमला सकाळी फिल्टर कॉफी लागते, बोळात चार माणसं ओळखीची झालीत, हे शेठांना स्वतःशी कबूल करायचं नाही इतकंच.

आयुधपूजेची सुट्टी धरून सगळे दसऱ्याला विट्याला येतात. पालख्यांची शर्यत असते. पालखी अंगावरनं गेली की शेठांच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पोरांच्याही डोळ्यांत यावं म्हणून शेठ वळून बघतात. मुलगा फुगेवाल्याकडं बघत असतो. गावात आठवडा झाला की शेठ स्वतःच कुरकुरायला लागतात: लाइट जाते, चहा गोडमिट्ट, आणि ‘आमच्याकडं सेलमला’ डॉक्टर कसा पाच मिनिटांत मिळतो. मुलांचे चुलतभाऊ ‘मद्रासी आलं, मद्रासी आलं’ म्हणून चिडवतात, आणि मुलं त्यांच्याशी भांडताना आपसांत तमिळमध्ये सल्लामसलत करतात, त्यामुळं जिंकतात.

यंदा शर्यतीच्या गर्दीत एका म्हाताऱ्यानं मुलीला विचारलं, ‘बाळा, गाव कुठलं गं तुजं?’

‘सेलम.’

शेठ गडबडीनं पुढं झाले. ‘ल्हान हाय अजून. विट्याचीच हाय, हितंच जन्मलीया.’

तेव्हा दसऱ्याला शेठ भेटले तर पेढा घ्या, बंगल्याचं कौतुक करा, सेलमच्या उकाड्याला त्यांच्याबरोबर चार शिव्याही हासडा. पोरांना गाव तेवढं विचारू नका. निदान शेठ शेजारी उभे असताना तरी.