लाटेकसर

प्रत्येक गणित विभागात एक माणूस असा असतो, ज्याच्याकडे कुणी गणित विचारायला जात नाही. त्यासाठी बाकीचे आहेत. याच्याकडे जायचं ते समीकरण पानाबाहेर गेलं की. खरं नाव काही का असेना, पोरं त्याला लाटेकसर म्हणतात. त्याला ते ठाऊक असतं, आणि आवडतंही.

हॉटेलात मेनूकार्ड हाती आलं की लाटेकसर पदार्थांआधी समास बघतात. लग्नपत्रिकेत मुहूर्त नंतर, आधी 'चि. सौ. कां.'मधल्या टिंबांपुढची जागा सारखी सुटली आहे का ते. सोसायटीचे सेक्रेटरी होते त्या वर्षी टाकी धुण्याची नोटीस त्यांनी लाटेकमध्ये, म्हणजे गणिताचे प्रबंध जुळवायच्या प्रणालीत काढली. कलमांना क्रमांक, कलम 2.1 मध्ये 'पाहा कलम 1.3', आणि पाणी किती वाजता जाणार ते दुसऱ्या पानावरच्या तळटीपेत. निम्म्या बिल्डिंगच्या बादल्या रिकाम्या राहिल्या. नोटीस मात्र देखणी होती, हे तळमजल्यावरच्या काकूंनीसुद्धा नळाकडे बघत कबूल केलं.

त्यांचं दैवत डोनाल्ड क्नूथ. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायला घेतली, तेव्हा 1977 साली क्नूथनी प्रुफं पाहिली. खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि पानं कुरूप झाली होती. दुसरा कुणी प्रकाशकाला चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. क्नूथनी लेखन बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीची स्वतःची प्रणालीच लिहायला घेतली. थोडक्यात उरकेल असं वाटलेलं हे काम, म्हणजे लाटेक ज्यावर उभं आहे ते 'टेक', 1989 पर्यंत पुरलं. ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज कातर होतो. आपलाही प्रबंध याच जातीच्या कारणाने लांबला, असं ते सुचवतात. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेला पायच्या एकेका अंकाने वाढतो. 2021 साली तो 3.141592653 झाला. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला क्नूथ 2.56 डॉलरचा चेक पाठवत, आणि मिळालेली माणसं तो वटवायचं सोडून भिंतीवर लावत. सरांची आयुष्यातली एकमेव आर्थिक महत्त्वाकांक्षा म्हणजे हे 2.56 डॉलर.

पण त्यांचा खरा हंगाम प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की सुरू होतो. हल्ली लांबलचक बीजगणित हाताने कुणी करत नाही. मॅथेमॅटिका, मॅक्सिमा, सिम्पाय असलं सॉफ्टवेअर करतं, आणि उत्तर थेट लाटेकच्या भाषेतही काढून देतं. हा काय प्रकार असतो ते एकदा पाहावंच. यंत्राला बीजगणित येतं, पण रीतभात येत नाही. सिम्पायला 'एम सी वर्ग' सांगा, ते 'सी वर्ग एम' छापतं. आइन्स्टाइन असला म्हणून काय झालं, हजेरीपटासारखं वर्णानुक्रमे उभं राहायचं. समाकलन सांगितलं तर शेवटचं 'अधिक सी' सरळ गाळून टाकतं, ज्यापायी बारावीच्या कित्येक पिढ्यांनी अर्धा अर्धा मार्क गमावला आहे.

अशीच एक विद्यार्थिनी दीड पानाचं समीकरण घेऊन आली.

"सर, मॅक्सिमाने दिलंय तसंच चिकटवलं. निम्मं पानाबाहेर गेलं."

"जाणारच. तू काय केलंस मग?"

"फॉन्ट बारीक केला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या लेखी फॉन्ट बारीक करणं हा कॉपी करण्याच्या वरचा गुन्हा आहे. मग शिकवणी सुरू झाली. वेगळ्या ओळीवरचं समीकरण तोडायचं ते अधिकच्या चिन्हाआधी. चिन्ह नव्या ओळीवर गेलं पाहिजे. मजकुराच्या पोटातलं मात्र चिन्हानंतर. आपोआप मोठा होणारा डावा कंस त्याच ओळीत उजव्याने मिटावा लागतो. नाहीतर तिथे एक अदृश्य कंस बसवायचा. तेवढ्यानेही भागत नाही, कारण मग वरच्या ओळीतला कंस पुरुषभर आणि खालचा टिचभर. त्यांची उंची हाताने जुळवायची. पोरगी वहीत उतरवून घेत होती. तिचा विषय संख्याशास्त्र होता.

तासाभराने सर मुद्द्यावर आले. 'ए वर्ग अधिक बी वर्ग'चं वर्गमूळ पानभर पुन्हा पुन्हा येत होतं. त्याला 'आर' म्हणायचं ठरलं. हे कामही सिम्पाय करतं, पण नावं ठेवतं एक्स-शून्य, एक्स-एक, एक्स-दोन. पोटच्या राशींना कुणी अशी नावं ठेवतं का, हा सरांचा प्रश्न. 'आर' बसवल्यावर दीड पानाच्या सात ओळी झाल्या. बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली. सर खुर्चीत मागे रेलले, आणि तसेच थबकले.

"हे ए आणि बीमध्ये सममित हवं ना?"

"हो सर."

"मग इथे वजा कसं?"

वजा तिनेच यंत्रात चुकीचं घातलं होतं. तिच्या गाईडनी हे पान 'उत्तर मॅक्सिमाचं आहे ना? मग झालं' म्हणून उलटलं होतं. यंत्राच्या उत्तरातलं प्रत्येक पद डोळ्यांखालून घालणारा विभागात हा एकटाच. तेही कुठे तोडायचं ते ठरवायला. विभागाच्या अहवालात या कामाला रकाना नाही.

चिन्ह सुधारून पुन्हा चालवलं. पदं भराभर एकमेकांना खाऊन गेली आणि जे उरलं ते एका ओळीत मावलं. पोरीच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. सरांच्याही, पण वेगळ्या कारणाने. जुळवलेले कंस, एकाखाली एक आणलेली चिन्हं, अदृश्य कंस, सगळं वाया.

"एवढंच?" ते म्हणाले.

"हो सर! हे मी स्वतः टाइप केलं. थँक यू सर, येते."

"थांब." सर पडद्याजवळ सरकले. "हा साइन तिरपा का? त्याच्या आधीची उलटी तिरकी रेघ द्यायची राहिली तुझी. हा साइन नाही, हा एस गुणिले आय गुणिले एन आहे. बस खाली."