उणे टक्क्यांतली मासेमारी

मासा मिळाला नाही म्हणून ज्यात कुणाचे पोट अडत नाही, ती हौशी मासेमारी. सोलापूर जिल्ह्यात ती मुख्यतः उजनी जलाशयाच्या काठी आणि त्याखालोखाल शहरालगतच्या हिप्परगा तलावावर चालते. हिप्परगा, म्हणजे सरकारी दप्तरातला एकरुख तलाव, इंग्रजांनी 1871 मध्ये पुरा केला. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले. हौशी मासेमार सहसा शहरातला नोकरदार असतो. त्याच्या घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे रविवारी उन्हातान्हात गाडी हाकत नुसते पाणी बघायला जाणेही त्याला सहलीसारखे वाटते. सोबत काठी, नायलॉनची दोरी, गळ, गांडुळे किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्या आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा असतो. यांपैकी खात्रीने उपयोगी पडतो तो डबा.

त्याच्या तक्रारी समजायच्या तर आधी उजनीचे गणित समजून घ्यावे लागते. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले जेमतेम 54 टीएमसी उपयुक्त, उरलेले 63 मृत. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त पाण्याची. उपयुक्त साठा संपला की धरण शून्यावर येते, आणि तरीही पाणी सोडणे चालूच राहिले की आकडा उणे होतो. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचली होती. शून्याच्या इतके खाली जाऊनही व्यवहार चालू ठेवण्यात उजनीची बरोबरी फार तर एखादी पतसंस्था करील. गंमत अशी की उणे साठवरही कागदोपत्री तीसेक टीएमसी पाणी शिल्लक असते (त्यात गाळ किती, हा वेगळा विषय). पुण्याच्या उशाला असलेल्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा 29 टीएमसी आहे.

या हिशोबात मासा कुठेच नाही. पाण्याची पातळी रोज मोजली जाते, आवक-जावक क्युसेकमध्ये लिहिली जाते, कालव्याला किती, बोगद्याला किती, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत किती, याचा आकडा सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येतो. ऊस पाण्यात राहत नसूनही त्याचे आवर्तन ठरलेले असते. मासा मात्र कायम पाण्यातच राहतो, उन्हाळ्यात तर मृत साठ्यात जिवंत राहतो, आणि त्याच्यासाठी किती टीएमसी राखून ठेवायचे हा प्रश्न कालवा सल्लागार समितीला अजून पडलेला नाही. त्याला मतदानाचा हक्क नाही, हे एक कारण असू शकेल.

मालकीची विभागणी मात्र चोख आहे. पाणी जलसंपदा खात्याचे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा, जलाशयाकाठच्या भिगवणला उतरणारे रोहित पक्षी वन खात्याचे आणि मुळा-मुठेतून वाहत येणारा पुणेकरांचा स्नेह प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. मासा मेला तर कोणत्या पाण्यात, कशाने आणि कोणाच्या हद्दीत, हे ठरेपर्यंत तो उपलब्ध राहत नाही. पाणकावळा रोज सकाळी विनापरवाना मासेमारी करतो. त्याच्यावर कारवाई झाल्याचे ऐकिवात नाही.

कायदा जुना आहे. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास इंग्रजांनी 1897 च्या कायद्याने मनाई केली आणि दंडाची कमाल मर्यादा दोनशे रुपये ठेवली. त्या काळी ही रक्कम ऐकून माणूस हादरत असे. 1960 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. समुद्राच्या माशांकडे सरकारचे लक्ष अलीकडे वाढले आहे: 2023 मध्ये पापलेटला राज्य मासा ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी 54 जातींचे किमान आकारमान निश्चित झाले, त्याहून लहान मासा धरणे गुन्हा. या सर्व जाती खाऱ्या पाण्यातल्या. सोलापूरला समुद्र नसल्यामुळे नियमभंगाचा धोकाही नाही.

अटलांटिक महासागरात परिस्थिती नेमकी उलटी आहे. तिथल्या ब्लूफिन ट्यूनासाठी 1969 पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. तो माद्रिदला बसतो आणि कोणत्या देशाने किती टन मासा धरायचा हे ठरवतो. अमेरिकेच्या वाट्यातला थोडा भाग हौशी मंडळींना मिळतो. मासा जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, अंगाच्या वळणावरून फीत फिरवून मोजायचा. 73 इंच किंवा त्याहून मोठा मासा बोटीमागे वर्षाला एकच, तोही कोटा शिल्लक असेल तर. किनाऱ्याला आणला की चोवीस तासांत सरकारला कळवायचे. कोटा संपला की हंगाम मध्येच बंद, आणि लाखो डॉलरची बोट किनाऱ्याला. तिथल्या हौशी मासेमाराची तक्रार आहे की सरकार आपला एकेक मासा मोजते. उजनीवरच्याची तक्रार आहे की आपला मासा जन्माला आला याचीच नोंद नाही. दोघांनाही सरकारचा सारखाच राग येतो, यावरून व्यवस्थापनाचे यश मोजता येते.

उजनीतला खरा पेच बारीक आसाच्या जाळ्यांचा आहे. कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा विणीला येत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून मत्स्यजिरे वाढवून बोटुकली करायची आणि ती जलाशयात सोडायची. सोडताना मान्यवर हजर असतात, छायाचित्र निघते. पुढे ती बोटुकली बोटाएवढी असतानाच जाळ्यात येते. तेव्हा छायाचित्र निघत नाही. याविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलतात ते होडीवर पोट असलेले मच्छीमार, कारण नुकसान त्यांचे असते. हौशी मंडळींनी आपला रविवार वाया गेल्याचे दुःख त्यांच्यापुढे जरा हळू आवाजात मांडावे.

जलाशय आज चालतो तो चिलापीवर. हा आफ्रिकेचा मासा भारतात 1952 मध्ये आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लेही धोका दिसताच तोंडात घेते. बीज, अनुदान, निविदा, उद्घाटन यांतले काहीच तिला लागत नाही. गळालाही तीच लागते, तळहाताएवढी.

बहुतेक रविवारी तीही लागत नाही. अशा वेळी हौशी मासेमार परतण्याआधी भिगवणच्या बाजारात थांबतो, किलोभर मरळ साफ करून घेतो आणि घरी ती आपणच धरल्याचे सांगतो. अमेरिकेत हेही चोवीस तासांत कळवावे लागले असते.