बत्तीस पुतळ्या आणि एक पितळी पुली

उज्जैनमध्ये वस्तू जुनी झाली की तिच्या अंगी आपोआप तेज येतं, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. छत्री चौकातल्या गोपाळ मंदिराचंच पाहा. मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं, पण गाभाऱ्याचा चांदीचा दरवाजा त्याहून कितीतरी जुना, असं सांगतात. मूळचा तो सोमनाथचा, गझनीच्या महमुदाने पळवलेला, आणि पुढे महादजी शिंद्यांनी परत आणलेला. इतिहासकार यावर काय म्हणायचं ते म्हणोत, सेकंडहँड मालाच्या नजरेने पाहिलं तर ही कथा मोठी विलक्षण आहे. दरवाजा लुटला गेला, परक्या घरी राहिला, त्याने एवढी पायपीट केली आणि प्रत्येक मुक्कामागणिक त्याचा भाव चढत गेला. त्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही की बाबा रे, तुझा मूळचा खोका कुठे आहे, बिल ठेवलंयस का, आणि तुला मधे कुणी उघडून दुरुस्त तर केलेलं नाही ना?

फ्रीगंजातल्या आमच्या नानांना मात्र सध्या हे तिन्ही प्रश्न रोज विचारले जातात. नानांनी आपला स्टिरिओ सेट विकायला काढला आहे. एक टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर आणि लाकडी कपाटाएवढे दोन स्पीकर. गुडघ्यांमुळे खाली वाकून तबकडी लावणं जमत नाही, हे त्यांनी जगाला सांगितलेलं कारण. माईंच्या मते खरं कारण वेगळं आहे: सेटची किंमत अजून कुणाला कळते का, हे त्यांना पाहायचं आहे. मला माईंचं म्हणणं पटतं. आपण गेल्यावर लोक काय बोलतील हे ऐकायची सोय नसते, पण आपल्या सेटची जाहिरात टाकून त्याचा थोडासा अंदाज घेता येतो.

हा सेट १९८०च्या सुमारास पुतण्याने अमेरिकेहून येताना सामानात आणला. त्या काळी सेकंडहँड या कल्पनेचाच अर्थ वेगळा होता, हे आजच्या पोरांना समजावताना दमछाक होते. बजाज स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि नंबर लागून आलेली स्कूटर कुणी लगेच विकली तर त्याला घेतल्याहून जास्त पैसे मिळत. परदेशी टेपचंही तसंच. आखातातून आलेला टू-इन-वन दोन वर्षं वाजवून, मुंजी-बारशांत मिरवून, मग आणलेल्या किमतीला किंवा वरचढ विकता येई. जकात जबर होती आणि माल दुर्मीळ, म्हणून प्रत्येक वस्तू म्हातारी होण्याऐवजी वजनदार होत जाई. १९९१ नंतर दारं उघडली, दुकानं भरली, आणि पुढे गाणं खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसलं. नानांच्या सेटच्या बाजारभावाने तेव्हा जी जिन्याची वाट धरली, ती थेट तळघरापर्यंत.

सगळ्याच सेटचं असं होतं असंही नाही, आणि इथे या बाजाराची खरी गंमत सुरू होते. साधारण रीत अशी की महागडी यंत्रं दुकानाची पायरी उतरताच मोठी किंमत गमावतात, कारण त्या किमतीत दुकानदाराचा नफा, जकात आणि गालिचा अंथरलेल्या खोलीत पाजलेली कॉफी धरलेली असते. ज्यात डिजिटल भाग जास्त तो आधी मरतो. होम थिएटरचा रिसीव्हर घेतला, की मागच्या बाजूच्या प्लगांची नवी पिढी येते आणि आपला रिसीव्हर निवृत्त होतो. हजारो रुपयांच्या वायरींना तर कुणी वालीच नसतो. टिकतात ती आडदांड, बिनडोक यंत्रं. इंग्लंडात स्विंडनला बनलेलं गॅरार्ड ३०१ हे १९५४चं टर्नटेबल आज मूळ किमतीच्या कित्येक पटींनी जातं. बीबीसीने बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मावावा म्हणून आखलेला एलएस ३/५ए हा फूटभर उंचीचा स्पीकर, त्यासाठी शौकीन लोक एकमेकांशी अबोला धरतात. टेक्निक्सचं एसएल-१२०० १९७२ला आलं, २०१०ला बंद झालं, बंद होताच जुन्या नगांना भाव आला, आणि शेवटी कंपनीने २०१६ला ते परत काढलं. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी केलेले काचेचे व्हॉल्व्ह, खोक्यातून न काढलेले, आता सातासमुद्रापलीकडचे लोक शोधत असतात. ज्या रेडिओंसाठी ते केले, ते रेडिओ आपण केव्हाच भंगारवाल्याला वजनावर घातले.

खोक्यातून न काढलेले. हे शब्द मला या बाजाराच्या जाहिरातींत वारंवार भेटतात, आणि दर वेळी मी तिथे थबकतो. मालाच्या प्रशंसेचा हा सर्वोच्च शिखरबिंदू आहे. त्याखालोखाल ‘फारसा वापरलेला नाही’, त्याखाली ‘एकाच मालकाचा’, आणि अगदी तळाला ‘चालू स्थितीत’. म्हणजे ज्या यंत्राने कधीच गाणं ऐकवलं नाही ते सर्वांत मौल्यवान, आणि ज्याने चाळीस वर्षं घराला गाणं पुरवलं त्याची गणना जेमतेम जिवंतांत. यात बाजाराचा दुष्टपणा नाही. सुई खरोखरच झिजते, बेल्ट सैल पडतो, कॅपेसिटर सुकतात. फोमची कड असेल तर ती दहावीस वर्षांत भुरभुरून जाते, आणि ती तर स्पीकर वाजवला काय, बंद ठेवला काय, सारखीच जाते. निसर्गाला जाहिरातीची भाषा ठाऊक नसते.

नानांच्या सेटवरचा सर्वांत मोठा आरोप म्हणजे ‘ओरिजिनल नाही’. हा आरोप खरा आहे, पण त्याची कैफियत ऐकायला गिऱ्हाइकांना वेळ नसतो, म्हणून मीच मांडतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. व्होल्टचा प्रश्न स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने सुटला. तो लोखंडी ठोकळा कोपऱ्यात बसून सेकंदाला शंभर कंपनांचा आपला स्वतंत्र षड्ज लावून असे, कुणी मैफलीला बोलावलेलं नसतानाही. आवर्तनांचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या टर्नटेबलची मोटर विजेच्या आवर्तनांना बांधलेली, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी उज्जैनच्या विजेवर २८ फेरेसुद्धा घेईना. पहिलीच तबकडी लागली ती कुमार गंधर्वांची. लय थकलेली, आणि आवाज तीन अर्धस्वर खाली, म्हणजे काळी चारचा गवई पांढरी चारवर उतरावा तसा. जमलेल्यांपैकी एक ज्येष्ठ नातेवाईक डोळे मिटून म्हणाले, “काय पोक्तपणा आलाय हो कुमारांच्या गाण्यात!”

नाना फसले नाहीत, कारण त्यांनी कुमारांना देवासला समोर बसून ऐकलं होतं. देवास इथून चाळीसेक किलोमीटर. क्षयाने गाठलेले कुमार १९४८ला तिथे कोरड्या हवेसाठी आले, काही वर्षं गाण्यालाच मुकले, पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले आणि १९९२ला गेले तेही तिथूनच. आमच्या देवासगेटवरून बसमध्ये बसलं की तास-दीड तासात त्यांच्या गावी उतरता येई. तरीही त्यांचा आवाज घरी यावा म्हणून न्यू जर्सीहून यंत्र, मुंबईहून तबकडी आणि कुठून तरी ट्रान्सफॉर्मर, असा अर्ध्या पृथ्वीचा फेरा आम्ही घालत होतो. यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही. आताही पुरतं वाटत नाही. घरातल्या दिवाणावर अर्धवट लवंडून, चहा गार होऊ देत ऐकलेला गवई हा बैठकीतल्या गवयाहून निराळा असतो.

मग नानांनी पुली खोलली आणि आगर रोडवरच्या एका लेथवाल्याकडे नेली. त्याचा हात मिलच्या यंत्रांवर तयार झालेला. त्याने पुली दोन बोटांत फिरवून पाहिली आणि इतकंच विचारलं, “कितने का कितना?” नाना म्हणाले, “पाँच का छह.” संध्याकाळपर्यंत त्याने पितळेची, व्यासाला सहापंचमांश मोठी पुली उतरवून दिली. रात्री तबकडीवर कागदाची चिठ्ठी डकवून नाना घड्याळ धरून बसले. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. कुमार पुन्हा स्वतःच्या उंचीवर आले. ती पुली गेली चाळीस वर्षं एकदाही घसरली नाही, की किंचितही डगमगली नाही. मला विचाराल तर त्या सेटमधला सर्वांत उत्तम भाग तोच. जाहिरातीच्या भाषेत मात्र तोच त्याचा कलंक आहे.

या गावाला खरं तर अशा सौद्यांचा फार जुना अनुभव आहे. विक्रमादित्याचं सिंहासन जमिनीत गाडलं गेलं, आणि पुढे धारच्या भोजराजाने ते उकरून काढलं, ही सिंहासन बत्तिशीची कथा आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते. भोज पायरीवर पाऊल ठेवतो, तेवढ्यात एक पुतळी बोलू लागते. विक्रमाचं औदार्य असं होतं, तुझं तसं आहे का? राजा पाऊल मागे घेतो. दुसरी पुतळी, दुसरी गोष्ट. बत्तीस पुतळ्या, बत्तीस गोष्टी, आणि काही पाठांत शेवटी तो बसतच नाही. नाना फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतात तेव्हा मला त्या पुतळ्या दिसतात. माणूस भाव विचारतो, नाना विचारतात, “तुम्ही ऐकता काय?” माणूस म्हणतो, किती मोठ्या खोलीत वाजेल, नाना विचारतात, “विलंबित लावल्यावर मधे फोन घेता का?” एकाने प्रांजळपणे सांगितलं की सेट चालू नसला तरी चालेल, कॅफेत शोभेला ठेवायचा आहे. त्याच्यावर बत्तिसाच्या बत्तीस पुतळ्या एकदम बोलल्या.

मला मात्र त्या कथेतला भोज नव्हे, त्याच्या आधीचा गुराखी पोरगा आवडतो. सिंहासन अजून मातीखाली असताना तो वरच्या उंचवट्यावर सहज जाऊन बसे आणि बसताच शहाणे निवाडे देऊ लागे. त्याला कुणा पुतळीने हटकलं नाही, पात्रता विचारली नाही. त्याला खाली काय आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि विकतही घ्यायचं नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती नानांना मनापासून खुपते. उज्जैनमध्ये ध्वनियंत्राला भाव नाही असं अजिबात नाही. जुना अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे बाजारात आणा, मंडपवाला उभ्या उभ्या पैसे मोजेल. श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारच्या महाकालाच्या सवाऱ्या, गणपती, नवरात्र, आणि आता २०२८चा सिंहस्थ तोंडावर. भोंग्याला कुणी खोका मागत नाही, दुरुस्ती झाली का विचारत नाही. उलट जितका दुरुस्त केलेला तितका भरवशाचा. नाना म्हणतात, “बघा, ज्याने कानठळ्या बसतात त्याचं मोल कायम, आणि ज्याने कान उघडतात ते मातीमोल.” वाक्य झकास आहे, पण मला अर्धंच पटतं. सवारीची वर्दी साऱ्या गल्लीला देणारा तो भोंगाही कुणाचे तरी कान उघडतच असणार.

परवा इंदूरहून एक मुलगा आला. जेल रोडला कुठेसा काम करतो, केस वाढवलेले, पाठीवर सॅक. “अंकल, लास्ट प्राइस?” अशी त्याने सलामी दिली आणि मी मनातल्या मनात पुतळ्या मोजू लागलो. त्याने टॉर्च लावून सेट मागून-पुढून तपासला, स्पीकरच्या कडा बोटाने दाबल्या, आणि अपेक्षेप्रमाणे पुलीपाशी थांबला. “ये ओरिजिनल नहीं है.” नानांनी शांतपणे माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. आत कापसात गुंडाळलेली मूळची अमेरिकन पुली होती. मुलगा उजळला. म्हणाला, ही असेल तर दोन हजार जास्त देतो. नानांनी समजावलं की बेटा, ही बसवलीस तर गाणं रडेल. तो म्हणाला, बसवणार कोण? फक्त सोबत हवी, पुढेमागे विकताना लागते.

नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आधी ऐक तरी. तबकडी लागली. मुलाने सॅक उतरवली, मग जमिनीवर बसला, मग भिंतीला टेकला. एक बाजू झाली, दुसरी झाली. माईंनी पोहे आणले, वर उज्जैनी शेव. नानांनी विचारायचे प्रश्न विचारलेच नाहीत, आणि त्याने भाव पुन्हा काढलाच नाही. जाताना त्याने फक्त पितळी पुलीचा फोटो घेतला आणि लेथवाल्याचा पत्ता विचारला. पुढच्या रविवारी तो परत आला, तोही स्वतःच्या तीन तबकड्या घेऊन.

जाहिरात अजून आहे. काल पाहिली. किंमत हजार रुपयांनी वाढली आहे, ‘दोन्ही पुली सोबत’ असं लिहिलं आहे, आणि खाली नानांच्या खास शैलीत एक ओळ जोडली आहे: पाहायला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी यावे, तासाभराची सवड काढून यावे, पोहे मिळतील.