स्वयंभू

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक स्वयंभू आहे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. ॲपमध्ये पाचशे दुकानांची यादी सरकवायची आहे, एवढं कानावर पडलं की हा बाह्या सारतो.

यादी सरकवायला आयफोनवर यूआयटेबलव्ह्यू २००८ पासून आहे, अँड्रॉइडवर रिसायकलरव्ह्यू २०१४ पासून. दोन्ही आयते, दोन्ही फुकट. सासूने बाजारच्या मसाल्याकडे बघावं तसा स्वयंभू त्यांच्याकडे बघतो. “आत काय घातलंय कुणास ठाऊक!”

त्याने पाचशे दुकानांचे पाचशे चौकोन एकदम मांडले. फोन तापला. आयत्या घटकात पडद्यावर मावतील तेवढेच चौकोन, वर एखाददुसरा, तयार होतात. वर सरकून दिसेनासा झालेला चौकोन नवं नाव लावून खालून परत येतो. स्वयंभूला हे महिन्याभराने सुचलं आणि त्याने ते साहेबांना शोध म्हणून सांगितलं. साहेबांनी अभिनंदन केलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण परत आलेल्या चौकोनातला जुना फोटो पुसायचा राहिला, आणि मिठाईच्या दुकानावर चपला झळकल्या.

पुढे यादी अडखळू लागली. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. स्वयंभूचं चित्र ४० घेई. “घाई कसली आहे लोकांना?” तो म्हणे.

टेस्टिंगच्या मॅडमना घाई होती. आयफोनच्या वरच्या पट्टीवर टिचकी मारली तर यादी वर जात नव्हती, टोकाला ताणून परत येत नव्हती. अँड्रॉइडवर अंधांसाठीचं टॉकबॅक मुकं झालं होतं. यातलं काहीच कुणी मागितलं नव्हतं. नाही म्हटल्यावर सगळ्यांना हवं झालं. स्वयंभूने एकेक करत सगळं लिहून काढलं. वर्षाअखेरीस मॅडम म्हणाल्या, “छान! अगदी आयत्यासारखं चालतंय.” तो दोन दिवस जेवायला आमच्यात बसला नाही.

मग नाट्यगृहाच्या तिकिटांचं काम आलं. अर्धवर्तुळातल्या खुर्च्या, चारी दिशांना सरकणारा, दोन बोटांनी मोठा होणारा नकाशा. कुठल्याही आयत्या यादीत न बसणारा. आम्ही सगळे कौतुकाने स्वयंभूकडे वळलो. पण वर्षभर नक्कल करता करता गडी रिसायकलरव्ह्यूचा भक्त झाला होता.

“त्यात बसेल की!” तो म्हणाला. “फक्त नाट्यगृहाला सांगा, खुर्च्या सरळ रांगेत लावा.”