यात्रेच्या हंगामात कसे बोलावे

जुन्नर-आंबेगावात यात्रेला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी हे आधी शिकून घ्यावे. नाहीतर चर्चेच्या जागी भांडाल आणि भांडणाच्या जागी मुद्दे मांडाल. दुसरे जास्त धोक्याचे.

वादविवाद करायचा असेल तर वकील लावावा. बैलगाडा शर्यतीचा वाद असाच झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलाची ठेवणच पळण्याची नाही, असे एक बाजू म्हणे. शर्यती गेल्या तर खिलार जातीचे बैल सांभाळणार कोण, असे दुसरी. वादात समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकावे लागते. त्यामुळेच हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही.

चर्चा देवळात होते. वर्गणी किती, नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाची सुपारी कोणी द्यायची, शर्यतीच्या घाटात जनावरांचा डॉक्टर कोण आणणार. उठताना कोणाच्या तरी गळ्यात काम पडले, तर ती चर्चा झाली असे समजावे. काम बहुधा मध्येच फोन घ्यायला बाहेर गेलेल्याच्या गळ्यात पडते. म्हणून फोन वाजू द्यावा, जागचे हलू नये.

भांडणाची जागा मात्र घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी. घोडी पुढे, बैल मागे, भिर्रर्र झाले की काही सेकंदांत बारी संपते. पुढचे वर्षभर पुरेल एवढे बोलणे तेवढ्यात तयार होते. घड्याळ उशिरा दाबले, हे पहिले वाक्य. निशाण आधी पडले, हे दुसरे. तिसऱ्या वाक्यापासून बैल सोडून द्यावेत आणि बांधावर यावे. आजोबांच्या वेळची मोजणी येथे हक्काने काढता येते. आवाज चढवावा, पण भाऊ, दादा, पाव्हणं सोडू नये, कारण जेवायला त्याच्याच पंगतीत बसायचे असते. पुरावा मागू नये. अलीकडे मोबाइलवर चित्रफीत दाखवणारे निपजले आहेत, त्यांना कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

एवढे करूनही समोरचा अचानक “तुमचंच बरोबर” म्हणाला, तर गडबडून जाऊ नये. डिंभे ते माणिकडोह या धरणांमधल्या पाण्याच्या बोगद्याचा वादाचा विषय काढावा आणि खुर्ची थोडी मागे सरकवून घ्यावी.