रात्र सातवी कुणाकडे आहे?

आमच्या हेडमास्तरांनी ‘श्यामची आई’चा दोरा दाताने तोडला, तेव्हा मी त्या शाळेत रुजू होऊन आठवडाच झाला होता. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातला मी. घाबरून विचारलं, “गुरुजी, हे काय करताय?”

“वाटे घालतोय,” ते म्हणाले. मटणाचे घालतात, त्याच सुरात.

पट ३१, शिक्षक २, पुस्तकं ११. त्यातलंही एक कुक्कुटपालनाचं. पेटी खडू-फळा मोहिमेतली, म्हणजे १९८७ नंतर कधीतरी आलेली. आधीच्या साहेबांनी ती कुलपात ठेवली होती, कारण पुस्तक हरवलं तर पगारातून वसुली होईल ही धास्ती. पोरांचा हात लागला नाही. उंदरांचे दात लागले. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र अकराच्या अकरा ठणठणीत.

गुरुजींचा हिशेब सरळ होता. एक पुस्तक एका पोराकडे आठ दिवस अडकतं आणि बाकीची तीस तोवर गोट्या खेळतात. साने गुरुजींनी तर गोष्ट रात्री-रात्रींतच सांगितलेली. कातरायच्या खुणा आयत्या आखून मिळालेल्या. एकेक रात्र सुटी करायची, दाभणाने शिवायची आणि वर लग्नपत्रिकेचं कव्हर डकवायचं. लग्नसराई चांगली झाली की आमच्या ग्रंथालयाची तब्येत सुधारे. ‘रात्र सातवी’ उलटून पाहावी, तर मागे गणपती आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’

खळ खिचडीच्या चुलीवर शिजे. बाइंडर तीत मोरचूद घालतात, पण पोरं बोट चाटून पान उलटतात, म्हणून गुरुजींनी मोरचुदावर बंदी घातलेली. परिणामी झुरळांनाही वाचनाची गोडी लागली.

मग मधल्या सुट्टीत आरोळ्या सुरू झाल्या. “रात्र सातवी कुणाकडे आहे?” कुणाला पाचवीनंतर थेट बारावीच हाती लागे. मधे काय घडलं असेल यावर खिचडीच्या रांगेत पैजा लागत. चिंचा, पेन्सिली, एकदा तर एक अख्खं अंडं पणाला लागलं. गुरुजींना विचारलं तर ते दात कोरत म्हणत, “मला काय माहीत? सातवी वाचलेल्याला गाठ.” सातवी वाचलेला मग दोन दिवस सरपंचाच्या तोऱ्यात फिरे.

पुढचा वाटा मिळवायला परीक्षा होती, आणि परीक्षक होत्या खिचडी करणाऱ्या मावशी. त्यांना अक्षरओळख नाही. पोराने वाचलेलं त्यांना सांगायचं. पातेल्यातला झारा थांबला आणि मावशी “मग रं?” म्हणाल्या की पास. त्या नुसत्याच ढवळत राहिल्या तर पुन्हा वाचून ये. मी बी.एड.ला मूल्यमापनाचे बरेच प्रकार शिकलो होतो. झाऱ्याचा त्यांत नव्हता.

कुक्कुटपालन कातरताना मी म्हटलं, हे कोण वाचणार? सर्वांत जास्त मागणी त्यालाच आली. तिसरीतल्या एका पोरीने शेजारणीच्या कोंबडीची मान वाकडी बघून जागेवरच मानमोडीचं निदान केलं. कोंबडी गेली, पण पोरीला गल्लीत ‘डाक्तरीण’ म्हणू लागले. पुढचा वाटा, लसीकरणाचा, तिने महिनाभर कुणाला दिला नाही.

स्वतः गुरुजी वाचण्याच्या बाबतीत निव्वळ हावरट. एसटीत भेळ संपली की कागद उलगडून वाचत, आणि बातमी अर्धवट फाटलेली असली तर शेजाऱ्याच्या भेळेकडे बघत. रद्दीवाल्याकडून त्यांनी ‘किशोर’चे जुने अंक किलोवर आणले, तेही घासाघीस करून. बालभारती १९७१ पासून मुलांसाठी हे मासिक काढते. आमच्या वाट्याला त्यातले चार अंक आले. गुरुजी कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तर घरची माणसं चांदीची वाटी खुशाल बाहेर ठेवत आणि दिवाळी अंक मात्र आतल्या खोलीत नेत.

१५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन. प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक असलेला फोटो वर पाठवायचा होता. शेजारच्या शाळांनी गणिताची पाठ्यपुस्तकं उलटी धरून वेळ मारून नेली म्हणतात. आमच्याकडे ३१ पोरं आणि ३१ कव्हरं. फोटो बघून कुणालाही वाटावं की गावात एकाच दिवशी ३१ लग्नं आहेत.

आणि केंद्रप्रमुख साहेब पुस्तकं मोजायला येणार असा निरोप आला. रजिस्टरात ‘नग १’ असेल तर नग एकच दिसला पाहिजे. रात्रभर आम्ही कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली वाटे गोळा करून शिवत होतो. दोन रात्री पोरांनी उशाखालून काढून दिल्या, एक मावशींच्या डब्यात सापडली. पहाटेच्या झोपेत माझ्याकडून घोटाळा झाला.

साहेबांनी ‘श्यामची आई’ उचलली, चाळली आणि मध्येच थबकले. श्यामच्या कोकणातून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल दामटत चालला होता.

“हे काय, गुरुजी?”

“सुधारित आवृत्ती, साहेब.”

साहेब काही बोलले नाहीत. उभ्या उभ्या वाचत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. चहा निवला. पान संपलं तसं त्यांनी उलटलं. पुढे परत श्याम. त्यांनी पुस्तक मागून पुढून शोधलं, चष्मा पुसला आणि व्हरांड्यात दाटीवाटीने उभ्या पोरांकडे बघून हळूच विचारलं, “ह्या सायकलवाल्याचं पुढचं कुणाकडे आहे रे?”

एकतीस हात वर झाले. मागे झारा घेऊन मावशीही उभ्या होत्या.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, ‘पुस्तकांची बांधणी मजबूत आहे.’